अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा: मेटा-अ‍ॅनालिसिस शिकू पाहणाऱ्यांसाठी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत अवघ्या ७३ मिलिमीटरची. या दोन आकड्यांची सरासरी ५०९ मिलिमीटरच्या आसपास येते आणि गणित म्हणून ती बरोबरच आहे. पण ५०९ मिलिमीटर पाऊस त्या दिवशी या दोन्हींपैकी एकाही ठिकाणी पडला नव्हता. त्या दिवशी मुंबईत काय घडले हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला या दोन नोंदींमधल्या फरकापासूनच सुरुवात करावी लागते. मेटा-अ‍ॅनालिसिस (एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करण्याची संख्याशास्त्रीय रीत) शिकायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी हे दोन आकडे फळ्यावर लिहून दाखवते, कारण या विषयातला सर्वांत अवघड आणि सर्वांत जास्त चुकीचा हाताळला जाणारा भाग नेमका हाच आहे.

मी कलिन्याला मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत संख्याशास्त्रात एमएस्सी केली आणि त्यानंतर शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. एमएस्सीच्या अभ्यासक्रमात आम्हाला अनुमानशास्त्र उत्तम शिकवले गेले होते. मात्र मेटा-अ‍ॅनालिसिस ही गोष्ट मी प्रथम हाताळली ती मेडिसिनच्या एका निवासी डॉक्टरच्या प्रबंधासाठी. मधुमेही रुग्णांचा फोनवरून नियमित पाठपुरावा केला तर त्यांचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी रक्तशर्करेचा निर्देशांक) किती कमी होतो, असा प्रश्न होता आणि नऊ चाचण्या हाती आल्या होत्या. मी आकडे भरले, फिक्स्ड इफेक्ट मॉडेल (खरा परिणाम सर्वत्र एकच मानणारे) चालवले, भिन्नता दाखवणारा आय-स्क्वेअर ८० टक्क्यांच्या वर आला, तेव्हा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे रँडम इफेक्ट्स मॉडेलवर (खरा परिणाम अभ्यासागणिक थोडा वेगळा मानणाऱ्या) गेले आणि आलेख छापून आमच्या विभागप्रमुख मॅडमसमोर ठेवला. त्यांनी आलेखाच्या तळाशी असलेल्या चौकटीवर, म्हणजे एकत्रित निष्कर्षाच्या त्या हिऱ्याच्या आकारावर पेन टेकवले आणि विचारले, "ही सरासरी कुठल्या रुग्णाची, ते सांग बघू." मला उत्तर देता आले नाही. नऊपैकी काही चाचण्यांत परिचारिका दर आठवड्याला फोन करत होत्या, काहींत केवळ ध्वनिमुद्रित संदेश जात होता. काहींत इन्सुलिनवरचे रुग्ण होते, काहींत नुकतेच निदान झालेले. मी या सगळ्यांची एक सरासरी काढली होती आणि मॉडेल बदलले म्हणजे भिन्नतेचा प्रश्न सुटला, असे समजून चालले होते.

रँडम इफेक्ट्स मॉडेल भिन्नता दूर करत नाही, तर ती मान्य करून अंदाजाची अनिश्चितता वाढवते. हा फरक मनात पक्का बसायला मला जवळजवळ वर्ष लागले, आणि नवख्यांचे ते वर्ष वाचावे एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सुरुवात संख्याशास्त्रापासून न करता तक्त्यांपासून करा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण अभ्यासांतली बरीचशी भिन्नता आपणच निर्माण केलेली असते. त्याच नऊ चाचण्यांच्या आलेखात एका चाचणीची रेष (तिच्या निष्कर्षाची अनिश्चितता) इतकी आखूड आणि तिचा चौकोन (सरासरीतले तिचे वजन) इतका मोठा होता की बाकीच्या आठ चाचण्या तिच्यापुढे नगण्य वाटत होत्या. रुग्ण तर एका गटात अवघे ६४ होते. मूळ लेख पुन्हा उघडला, तक्त्यात ७.९ अधिक-उणे ०.२ असे छापलेले होते आणि मी ०.२ हे प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांच्या मूल्यांमधला पसारा) समजून भरले होते. तक्त्याखाली बारीक अक्षरांत, पानाच्या अगदी कडेला, ही मूल्ये सरासरी आणि प्रमाण त्रुटी आहेत असे लिहिलेले होते. प्रमाण त्रुटी म्हणजे प्रमाण विचलनाला रुग्णसंख्येच्या वर्गमुळाने भागून आलेली संख्या. ६४ चे वर्गमूळ ८, म्हणजे खरे प्रमाण विचलन ०.२ गुणिले ८, अर्थात १.६. माझ्या चुकीमुळे त्या चाचणीचे विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ६४ पटींनी कमी भरले गेले होते आणि फिक्स्ड इफेक्ट मॉडेलमध्ये तिला ६४ पट जास्त वजन मिळाले होते. आकडा दुरुस्त केल्यावर आय-स्क्वेअर लक्षणीय खाली आला. मधुमेही रुग्णांमध्ये एचबीए१सीचे प्रमाण विचलन साधारणतः १ ते २ च्या दरम्यान असते, हे मला तेव्हा ठाऊक असते तर ०.२ हा आकडा भरतानाच हात थांबला असता. म्हणून ज्या मोजमापावर काम करायचे आहे, त्याचे नेहमीचे मूल्य आणि नेहमीचा पसारा किती असतो हे डॉक्टरांकडून आधी विचारून घ्यावे. हा प्रश्न विचारण्यात कुठलाही कमीपणा नाही.

अशाच इतर चुकाही पुन्हा पुन्हा भेटतात. लेखात प्रमाण विचलन नसेल आणि ९५ टक्के विश्वास मर्यादा (अंदाजाची अनिश्चितता दाखवणाऱ्या खालच्या-वरच्या सीमा) दिल्या असतील, तर मोठ्या नमुन्यात त्यांच्या रुंदीला ३.९२ ने भागून प्रमाण त्रुटी मिळते. काही जण घाईत १.९६ ने भागतात. काही चाचण्या अखेरचे मूल्य देतात, तर काही सुरुवातीपासूनचा बदल, आणि या दोन्हींची प्रमाण विचलने वेगळी असतात. काही चाचण्यांत तीन गट असतात आणि एकाच नियंत्रण गटाची दोनदा मोजणी होते. ही सगळी भिन्नता कागदावरची असते, रुग्णांमधली नसते. म्हणून आकडे दोघांनी स्वतंत्रपणे उतरवून मग ताडून पाहावेत, ही जी जुनी शिस्त आहे ती कंटाळवाणी वाटली तरी मोडू नये.

तक्ते तपासून झाले की मग क्यू, आय-स्क्वेअर आणि टाऊ-स्क्वेअर या भिन्नता मोजणाऱ्या तीन संख्यांकडे वळावे. कॉक्रन यांची क्यू चाचणी १९५४ च्या त्यांच्या लेखामुळे प्रचलित झाली. प्रत्येक अभ्यासाचा निष्कर्ष एकत्रित सरासरीपासून किती दूर आहे ते पाहून, त्या अंतराचा वर्ग त्या अभ्यासाच्या अचूकतेने तोलून बेरीज करायची, एवढेच तिचे गणित. सगळे अभ्यास एकच सत्य मोजत असतील आणि फरक केवळ योगायोगाने आलेला असेल, तर क्यूचे अपेक्षित मूल्य अभ्यासांच्या संख्येपेक्षा एकने कमी असते. अडचण अशी की पाच-सहाच अभ्यास असतील तेव्हा ही चाचणी खरी भिन्नताही पकडू शकत नाही. त्यामुळे पी-मूल्य (फरक केवळ योगायोगाचा असता तर एवढा किंवा याहून मोठा क्यू येण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा जास्त आले म्हणून अभ्यास एकसारखे आहेत, असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. याच कारणाने बरेच जण इथे ०.१० ही सीमा वापरतात, पण सीमा हलवल्याने चाचणीची ताकद फारशी वाढत नाही.

आय-स्क्वेअर हिगिन्स आणि थॉम्पसन यांनी २००२ मध्ये मांडला. क्यूमधून अभ्यासांची संख्या उणे एक वजा करायची, उरलेल्याला क्यूने भागायचे आणि शंभराने गुणायचे; एकूण दिसणाऱ्या फरकापैकी किती टक्के फरक योगायोगाच्या पलीकडचा आहे, हे त्यातून कळते. ही संख्या इतकी सोयीची आहे की तिच्यावरच सर्वांचा डोळा असतो, आणि तिचा अर्थ लावताना होणारी चूक मी आजही दर महिन्याला एखाद्या प्रबंधात पाहते. आय-स्क्वेअर हे गुणोत्तर आहे. अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांपासून प्रत्यक्षात किती दूर आहेत, हे ते सांगत नाही. समजा, दहा चाचण्यांत खरा परिणाम एचबीए१सीच्या ०.४ ते ०.५ टक्क्यांच्या आतच हलतो आहे. या चाचण्या पन्नास-पन्नास रुग्णांच्या असतील तर योगायोगाचा फरक मोठा असेल आणि आय-स्क्वेअर शून्याजवळ राहील. त्याच चाचण्या पन्नास-पन्नास हजार रुग्णांच्या असत्या तर योगायोगाचा फरक नाहीसा होऊन आय-स्क्वेअर वर गेला असता, जरी डॉक्टरांच्या दृष्टीने परिस्थितीत काडीचाही फरक पडलेला नाही. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या मार्गदर्शिकेतही ० ते ४०, ३० ते ६०, ५० ते ९० आणि ७५ ते १०० असे एकमेकांवर चढलेले पट्टे मुद्दामच दिलेले आहेत, म्हणजे कोणी ५० ही लक्ष्मणरेषा समजू नये. तरीही प्रबंधांमध्ये "आय-स्क्वेअर ५० पेक्षा जास्त असल्यामुळे रँडम इफेक्ट्स मॉडेल वापरले" हे वाक्य जसेच्या तसे उतरवलेले सापडते.

हे वाक्य मी नेहमी खोडते. मॉडेलची निवड आकडे पाहण्याआधी, प्रश्नाच्या स्वरूपावरून करायची असते. सगळ्या चाचण्यांत औषध, मात्रा, रुग्ण आणि मोजमाप जवळजवळ सारखेच असेल, तर खरा परिणाम एकच आहे असे मानता येईल. चाचण्या वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या रुग्णांवर झाल्या असतील, तर खरा परिणाम प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा असणार हे गृहीत धरून रँडम इफेक्ट्स मॉडेल नोंदणीच्या वेळीच लिहून टाकावे. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर शोधून घेतलेल्या आढाव्याची, आगाऊ नोंदणी करण्यासाठी २०११ पासून प्रॉस्पेरो ही ऑनलाइन नोंदवही उपलब्ध आहे, आणि तिथे विश्लेषणाची योजना आधीच मांडलेली असली की निकाल पाहून मत बदलण्याचा मोह आपोआप आवरतो.

या दोन मॉडेल्समध्ये नेमके काय बदलते ते पाहण्यासाठी बीसीजी लसीच्या १३ चाचण्यांचा आकडेसंच हाताशी घ्यावा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणातून तो आला आहे आणि आर या प्रणालीच्या मेटाफोर पॅकेजसोबत तो विनामूल्य मिळतो. माझ्या मते नवख्यांसाठी याहून चांगला आकडेसंच नाही, आणि त्याचे एक कारण भावनिकही आहे: यातली सर्वांत मोठी चाचणी आपल्याकडे, मद्रासजवळच्या चिंगलपट भागात झाली. तिच्यात लस दिलेल्या ८८,३९१ जणांपैकी ५०५ जणांना क्षयरोग झाला आणि लस न दिलेल्या तेवढ्याच लोकांपैकी ४९९ जणांना. म्हणजे जोखमीचे गुणोत्तर १.०१, लसीचा काहीच उपयोग दिसला नाही. याउलट कॅनडातल्या एका छोट्या चाचणीत लस दिलेल्या ३०६ जणांपैकी ६ आणि न दिलेल्या ३०३ पैकी २९ जणांना क्षयरोग झाला, गुणोत्तर ०.२०. क्यू येतो १५२.२, अभ्यास उणे एक म्हणजे १२, आणि आय-स्क्वेअर सुमारे ९२ टक्के.

फिक्स्ड इफेक्ट मॉडेलने एकत्रित गुणोत्तर ०.६५ येते, विश्वास मर्यादा ०.६० ते ०.७०. रँडम इफेक्ट्स मॉडेलने ते ०.४९ होते आणि मर्यादा ०.३४ ते ०.७० अशा रुंदावतात. मर्यादा रुंदावल्या हे ठीक, पण मधला आकडा का हलला, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःहून विचारला तर मला मनापासून आनंद होतो. उत्तर वजनांत आहे. पहिल्या मॉडेलमध्ये मद्रासच्या चाचणीला एकट्याला सुमारे ४१ टक्के वजन होते, दुसऱ्यात ते १० टक्क्यांवर उतरते. कॅनडातल्या त्या सहाशे माणसांच्या चाचणीचे वजन एक टक्क्याहूनही कमी होते, ते सहा टक्क्यांच्या वर जाते. प्रत्येक अभ्यासाच्या विचरणात टाऊ-स्क्वेअर, म्हणजे अभ्यासाअभ्यासांतल्या खऱ्या फरकाचे विचरण, मिळवले जाते, आणि ते मोठे असेल तर मोठा अभ्यास आणि छोटा अभ्यास जवळपास समान पातळीवर येतात. छोटे अभ्यास प्रामाणिक असतील तर यात गैर काही नाही. पण छोट्या अभ्यासांपैकी फायदा दाखवणारेच छापून आले असतील, तर रँडम इफेक्ट्स मॉडेल नेमक्या त्यांनाच बळ देते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर शिरेतून मॅग्नेशियम देण्याचे उदाहरण यासाठी प्रत्येकाने वाचावे: लहान चाचण्यांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये मृत्यू कमी होताना दिसले आणि १९९५ मध्ये ५८,०५० रुग्णांच्या आयसिस-४ चाचणीने तो फायदा दाखवला नाही. सगळ्या चाचण्या एकत्र करून रँडम इफेक्ट्स मॉडेल चालवले तर तरीही मॅग्नेशियमच्या बाजूने निष्कर्ष येतो. त्यामुळे दोन्ही मॉडेल्सची उत्तरे खूप वेगळी येत असतील, तर एक निवडून पुढे जाण्याआधी छोटे आणि मोठे अभ्यास वेगळी गोष्ट का सांगत आहेत, याचा शोध घ्यावा लागतो.

टाऊ-स्क्वेअरचा अंदाज कुठल्या रीतीने काढायचा, यावर संख्याशास्त्रज्ञांत बरीच चर्चा चालते. नवख्याने त्यात फार अडकू नये. डरसिमोनियन आणि लेअर्ड यांची १९८६ ची रीत हाताने करता येण्याजोगी असल्यामुळे सर्वत्र पसरली, कॉक्रन संस्थेच्या रेवमन या संगणक प्रणालीत तर अनेक वर्षे तीच एक होती. पण अभ्यास थोडे आणि भिन्नता जास्त असेल तेव्हा ती टाऊ-स्क्वेअर कमी दाखवते. आज आरईएमएल किंवा पॉल आणि मँडेल यांची रीत वापरणे योग्य. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विश्वास मर्यादा काढताना हार्टुंग-नॅप यांची दुरुस्ती लावावी, कारण टाऊ-स्क्वेअर हा स्वतःच एक अंदाज आहे ही गोष्ट नेहमीचे सूत्र विसरते आणि मर्यादा फाजील अरुंद देते. मात्र अभ्यास योगायोगाने एकमेकांशी फारच जुळत असतील, तर ही दुरुस्ती कधी कधी मर्यादा उलट आकसून टाकते. तेव्हा दोन्ही प्रकारे काढून पाहावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी सर्वांत जास्त भांडते, तिच्याकडे येते. बीसीजीच्या उदाहरणात ०.३४ ते ०.७० ही विश्वास मर्यादा वाचून बहुतेक डॉक्टर म्हणतात की लस किमान ३० टक्के संरक्षण देतेच. ही मर्यादा सरासरीची आहे. सरासरी परिणाम कुठे असेल ते ती सांगते. उद्या चौदावी चाचणी एखाद्या नव्या ठिकाणी झाली, तर तिथला खरा परिणाम कुठे असेल, याचे उत्तर प्रेडिक्शन इंटरव्हल देतो, आणि मराठीत मी त्याला भाकीत मर्यादा म्हणते. तिच्यात सरासरीची अनिश्चितता आणि टाऊ-स्क्वेअर दोन्ही मिळवलेले असतात. या १३ चाचण्यांसाठी ती ०.१५ ते १.५५ अशी येते. म्हणजे नव्या ठिकाणी लस ८५ टक्के संरक्षण देऊ शकेल, अजिबात देणार नाही, किंवा आकडा उलट बाजूलाही पडू शकेल. एकच आकडेसंच, एकच मॉडेल, आणि एका ओळीत "निश्चित फायदा", तर दुसऱ्या ओळीत "ठिकाणावर अवलंबून". मुंबईतल्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या डॉक्टरला दुसऱ्या ओळीची गरज असते, कारण तिच्यासमोरचा रुग्ण सरासरी जगात राहत नाही, तो एका विशिष्ट ठिकाणी राहतो. असे असूनही ही ओळ छापलेल्या बहुसंख्य आलेखांत मला सापडत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. मेटाफोरमध्ये ती एका आज्ञेत मिळते. अभ्यास तीन-चारच असतील तर तीही फारशी विश्वासार्ह नसते, हे मात्र सोबत लिहावे.

भाकीत मर्यादा इतकी रुंद का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे हा विषय खऱ्या अर्थाने रंगतो. या तेरा चाचण्यांचे विषुववृत्तापासूनचे अंतर, म्हणजे अक्षांश, घेऊन मेटा-रिग्रेशन केले (अभ्यासाच्या एखाद्या गुणधर्माबरोबर परिणाम कसा बदलतो याची रेषा काढली) की टाऊ-स्क्वेअर ०.३१ वरून ०.०८ च्या खाली येतो. जवळजवळ तीन चतुर्थांश भिन्नता एका चलाने समजावली जाते. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे संरक्षण वाढते. त्या रेषेवर मद्रासच्या १३ अक्षांशाला गुणोत्तर ०.८८ येते आणि कॅनडाच्या ५५ अक्षांशाला ०.२६. मी वर्गात विद्यार्थ्यांना मुंबईचे १९ अक्षांश घालून हिशेब करायला सांगते: रेषेच्या समीकरणातल्या ०.२५१५ मधून ०.०२९१ गुणिले १९ वजा केले की गुणोत्तराचा लॉगरिदम उणे ०.३० येतो, आणि त्याचे घातांकी मूल्य, म्हणजे गुणोत्तर, ०.७४. हा आकडा आला की वर्ग एकदम जागा होतो.

तिथेच थांबवून मला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. अक्षांश स्वतः कुणाचे संरक्षण करत नाही. उष्ण प्रदेशांतल्या माती-पाण्यातल्या जंतूंचा आधीच झालेला संपर्क हे त्यामागचे एक सुचवले गेलेले कारण आहे; पण लसीचा वाण, चाचणीचा काळ, सहभागींचे वय आणि गटविभागणीची पद्धत याही गोष्टी अक्षांशाबरोबर बदललेल्या असू शकतात. मेटा-रिग्रेशनमध्ये चाचण्या एकमेकींशी ताडल्या जातात, तिथे यादृच्छिक विभागणी नसते, म्हणून त्याचा दर्जा निरीक्षणात्मक अभ्यासाचाच. दुसरे असे की अभ्यासाचे सरासरी वय आणि परिणाम यांचा संबंध दिसला, म्हणून वयस्क रुग्णाला जास्त फायदा होतो असे म्हणता येत नाही. गटांवरून व्यक्तीविषयी अनुमान काढण्याची ती चूक आहे आणि ती टाळायची तर प्रत्येक रुग्णाची मूळ माहिती मिळवावी लागते. आणि ०.७४ हा आकडा ऐकून कोणी बाळाला बीसीजी देण्याबद्दल शंका घेऊ नये, हेही मी तिथेच स्पष्ट करते: अर्भकांना क्षयरोगाच्या मेंदूज्वरापासून आणि शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून मिळणारे संरक्षण ही वेगळी, चांगली सिद्ध झालेली बाब आहे आणि जन्मतः लस दिली जाते ती त्यासाठी.

उपगटांचे विश्लेषण करताना सर्वांत सामान्य चूक म्हणजे एका उपगटात पी-मूल्य ०.०३ आणि दुसऱ्यात ०.२० आले म्हणून उपगट वेगळे आहेत असे लिहिणे. दोन उपगटांमधल्या फरकाचीच चाचणी करायची असते. आणि दहाहून कमी अभ्यास असतील तर मेटा-रिग्रेशनच्या वाटेला शक्यतो जाऊ नये. सहा अभ्यासांत चार चले तपासली की एखादे जुळतेच.

मोजपट्टीची निवडही भिन्नता कमी-जास्त करते, याकडे माझे लक्ष उशिरा गेले. एखादे औषध सर्वत्र जोखीम निम्मी करत असेल, तर ज्या वॉर्डात शंभरातले २० रुग्ण दगावतात तिथे ते दहा जीव वाचवते आणि जिथे शंभरातले २ दगावतात तिथे एक. गुणोत्तराच्या मोजपट्टीवर हे दोन अभ्यास तंतोतंत जुळतात, वजाबाकीच्या मोजपट्टीवर ते एकमेकांपासून फार दूर दिसतात. म्हणून एकत्रीकरण सहसा गुणोत्तरावर करावे आणि रुग्णाला समजावताना त्याच्या स्वतःच्या मूळ जोखमीवरून वजाबाकीचा आकडा काढून द्यावा.

आमच्याकडे येणाऱ्या बहुसंख्य प्रबंधांत अभ्यास दोन ते पाचच असतात, आणि पुस्तकांत याविषयी सर्वांत कमी लिहिलेले असते. दोनच अभ्यास असतील तर हार्टुंग-नॅप दुरुस्तीत १.९६ च्या जागी १२.७ हा गुणक येतो आणि मर्यादा निरर्थक रुंद होतात; नेहमीचे सूत्र वापरले तर त्या फसव्या अरुंद होतात. अशा वेळी टाऊबद्दल आधीच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमधून मिळालेली माहिती वापरून बेझियन विश्लेषण करता येते, आणि ज्याला शिकायची तयारी आहे त्याने ते अवश्य शिकावे. ते शक्य नसेल तर अभ्यास एकत्र न करता आलेखावर शेजारीशेजारी मांडावेत, तळाचा हिरा रेखाटू नये, आणि प्रत्येकाचा परिणाम व मर्यादा शब्दांत लिहाव्यात. किती अभ्यासांत पी-मूल्य ०.०५ च्या खाली आले ते मोजून बहुमताने निर्णय देणे मात्र कधीही करू नये. मार्गदर्शकांना हिराविरहित आलेख अपुरा वाटतो, हे मी जाणते. विद्यार्थ्याची अडचणही मी पाहिली आहे. तरीही जे आकडे एकत्र येण्याजोगे नाहीत ते एकत्र न करणे हाही संख्याशास्त्रज्ञाने घेतलेला निर्णयच असतो, आणि तो सही करून देण्याची तयारी हवी.

आणखी एक मोह म्हणजे एकेक अभ्यास वगळून पाहण्याच्या तंत्राचा गैरवापर. कुठल्या अभ्यासामुळे चित्र बदलते हे कळण्यासाठी ते उत्तम आहे. पण आय-स्क्वेअर खाली येईपर्यंत अभ्यास काढत जाणे म्हणजे सांताक्रूझची नोंद वगळून मुंबईत पाऊस सामान्य होता असे जाहीर करणे. जो अभ्यास वेगळा पडतो तो पुन्हा, अथपासून इतिपर्यंत वाचावा. एक तर त्यात आपली चूक सापडते, नाहीतर एखादे खरे कारण सापडते.

या क्षेत्रात यायचे असेल तर मुंबईत वाटा बऱ्याच आहेत: कलिन्याचा संख्याशास्त्र विभाग, देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था, वैद्यकीय महाविद्यालयांतले जनऔषधवैद्यक विभाग, औषध कंपन्या आणि त्यांच्यासाठी चाचण्यांचे काम पाहणाऱ्या संस्था. मुलाखतीला येणाऱ्या उमेदवाराला मी सूत्रे विचारत नाही. एक आलेख समोर ठेवते आणि या अभ्यासांमध्ये फरक का असावा, असे विचारते. जो लगेच आय-स्क्वेअर वाचतो, त्याच्यापेक्षा जो रुग्ण कोण होते, मात्रा किती होती, मोजमाप केव्हा केले असे विचारतो, त्याला घेण्याकडे माझा कल असतो.

त्या पहिल्या प्रबंधाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. प्रमाण त्रुटीची चूक दुरुस्त केल्यावर आम्ही नऊ चाचण्या पाठपुराव्याच्या प्रकारानुसार पुन्हा वाचल्या, कारण तो उपगट प्रस्तावात सुदैवाने आधीच लिहिलेला होता. प्रत्यक्ष बोलणाऱ्या परिचारिकेच्या पाच चाचण्या एकमेकींशी बऱ्याच जुळत होत्या. संदेशांच्या चार चाचण्या विखुरलेल्याच राहिल्या आणि त्याचे कारण आम्हाला सापडले नाही. निष्कर्षात आम्ही दोन्ही गटांच्या भाकीत मर्यादा दिल्या, उपगटांमधल्या फरकाची चाचणी अभ्यास थोडे असल्यामुळे निर्णायक नाही असे नमूद केले, आणि संदेशांच्या चार चाचण्यांचा एकत्रित हिरा काढून टाकला. मॅडमनी ते पान वाचले, हिऱ्याच्या रिकाम्या जागेवर एकदा बोट फिरवले आणि खाली सही केली.